हा पैसा आला कुठून? : साफेमाची नोटीस ते लिलाव

समजा, मुंबईत राहणाऱ्या एका बाईंच्या हाती रजिस्टर पोस्टाने आलेले पाकीट पडते. आत केंद्र सरकारच्या ‘सक्षम प्राधिकाऱ्या’ची नोटीस असते. तिच्यात त्यांच्या नावावरचा फ्लॅट, दुकानाचा गाळा आणि बँकेतली मुदत ठेव यांची यादी आहे. खाली विचारणा : ही मालमत्ता कोणत्या उत्पन्नातून घेतली ते तीस दिवसांत पुराव्यासह कळवा, आणि ती बेकायदा मार्गाने मिळवलेली आहे असे ठरवून सरकारजमा का करू नये, याचे कारण दाखवा. या बाईंवर कुठलाही गुन्हा नाही. त्यांच्या नवऱ्यालाही कुठल्या न्यायालयाने कधी दोषी ठरवलेले नाही. काही वर्षांपूर्वी तस्करीच्या संशयावरून तो स्थानबद्ध होता, एवढेच.

जो आरोप करतो त्यानेच तो सिद्ध करायचा, हे आपण शाळेच्या नागरिकशास्त्रापासून ऐकत आलो आहोत. इथे सरकार नुसते विचारते आणि उत्तर पटवून देण्याची जबाबदारी नोटीस मिळालेल्या माणसावर येते. या उलट्या रचनेचा आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे १९७६ चा ‘साफेमा’, तस्कर आणि परकीय चलनात हेराफेरी करणाऱ्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा कायदा. दाऊद इब्राहिमच्या घरांच्या आणि जमिनींच्या लिलावाच्या बातम्यांत हे नाव दर काही वर्षांनी येते, पण लिलाव हे शेवटचे पान आहे. त्याआधी काय घडते, कोणाला काय सिद्ध करावे लागते आणि सरकारला काय करावे लागते, हे क्रमाने पाहू.

हा कायदा का लागला ते समजायला साठ-सत्तरच्या दशकातली मुंबई आठवावी लागते. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. सोन्याचा व्यवहार आवळला गेला, पण सोन्याची मागणी होती तेवढीच राहिली. आखाती देशांतून गलबतांनी सोने, घड्याळे आणि कापड येई आणि पश्चिम किनाऱ्यावर रात्री उतरे. हाजी मस्तान, युसूफ पटेल, दमणचा सुकुर नारायण बखिया ही नावे त्या काळात घरोघरी माहीत होती. कस्टमच्या हाती लागे तो माल किंवा तो वाहून नेणारा मजूर. मालक किनाऱ्यावर फिरकतच नसे, साक्षीदार उभा राहत नसे आणि खटला टिकत नसे. म्हणून डिसेंबर १९७४ मध्ये कॉफेपोसा आला. खटला न चालवता संशयिताला स्थानबद्ध करण्याचा तो कायदा. पण स्थानबद्धता कधीतरी संपते. वर्षभराने माणूस बाहेर येई तेव्हा इमारती, हॉटेले, गाळे सगळे जागच्या जागी असे, आणि बहुतेक दुसऱ्याच्या नावावर. त्या मालमत्तेला हात घालण्यासाठी नोव्हेंबर १९७५ मध्ये अध्यादेश निघाला आणि जानेवारी १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे तो आणीबाणीतला कायदा आहे. लगेच तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकण्यात आला, जेणेकरून मूलभूत हक्कांच्या आधारे त्याला आव्हान देणे अवघड व्हावे. हा जन्मकाळ लक्षात ठेवला पाहिजे, कारण त्या काळाची छाप कायद्याच्या काही कलमांवर आजही दिसते.

कायदा कोणाला लागू होतो, हा पहिला प्रश्न. वाटेल त्या श्रीमंत माणसाला ही नोटीस धाडता येत नाही. कस्टम किंवा परकीय चलनाच्या कायद्याखाली शिक्षा झालेला आणि त्या गुन्ह्यातली रक्कम एक लाखावर असलेला माणूस हा एक प्रकार. कॉफेपोसाखाली स्थानबद्ध केलेला हा दुसरा. मग या दोघांचे नातेवाईक, त्यांचे साथीदार, आणि त्यांच्याकडून ती मालमत्ता विकत घेतलेला पुढचा मालक. नातेवाइकांची व्याख्या ऐसपैस आहे. नवरा-बायको, भाऊ-बहीण, दोघांच्याही बाजूचे मेहुणे-मेव्हण्या, आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, सगळे त्यात येतात. पुढच्या मालकाला मात्र एक सवलत आहे. त्याने प्रामाणिकपणे आणि रास्त किंमत मोजून घेतले असेल तर त्याला हात लावता येत नाही.

दुसरा प्रकार सगळ्यात नाजूक. स्थानबद्धता म्हणजे शिक्षा नव्हे. ती संशयावर उभी असते, आणि तिच्या पायावर मालमत्तेची कारवाई उभी राहते. म्हणून कायद्यानेच एक अट घातली आहे : सल्लागार मंडळाच्या अहवालावरून स्थानबद्धतेचा आदेश मागे घेतला गेला असेल किंवा न्यायालयाने तो रद्द केला असेल, तर साफेमा लागू होत नाही. त्यामुळे अनुभवी वकील नोटीस हातात पडताच फ्लॅटच्या कागदांआधी स्थानबद्धतेचा जुना आदेश मागवतो. तो आदेश पडला की पुढचे सगळे पडते. पण १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथे एक दार बरेचसे बंद केले. ज्याला त्या वेळी आदेशाला आव्हान देता येत होते आणि त्याने दिले नाही, किंवा देऊन हरला, त्याला मालमत्तेची नोटीस आल्यावर तोच वाद नव्याने उकरता येत नाही.

आता नोटिशीच्या आधीचा टप्पा. लोकांच्या नजरेत तो येत नाही, पण माझ्या मते सगळ्या कायद्याचे मर्म तिथेच आहे. सक्षम प्राधिकारी हा सहसचिव दर्जाचा किंवा त्याहून वरचा अधिकारी. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणी त्याची कार्यालये. मनाला वाटले म्हणून त्याला नोटीस काढता येत नाही. त्या माणसाकडे असलेल्या मालमत्तेची किंमत, त्याचे ज्ञात उत्पन्न आणि हाती आलेली इतर माहिती या तिन्ही गोष्टी समोर ठेवून ‘ही मालमत्ता बेकायदा मार्गाने मिळवलेली आहे’ असे मानायला आपल्याकडे कारण आहे, असे त्याचे मत व्हावे लागते आणि ती कारणे त्याला आधी लेखी नोंदवावी लागतात. नोटीस नंतर. म्हणजे सिद्धतेचा भार आपोआप उलटत नाही. सरकारने आपला गृहपाठ कागदावर करून ठेवला, तरच तो उलटतो. कारणांची नोंद नसेल, किंवा एकाच छापाची वाक्ये सगळ्या फायलींत चिकटवलेली असतील, तर पुढे उत्तर कितीही लंगडे असले तरी कारवाई कोसळू शकते. अमली पदार्थांच्या कायद्यात १९८९ मध्ये हीच रचना घालण्यात आली. तिथल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर नोटिसा टिकू दिल्या नाहीत.

नोटीस आली. आता उत्तर.

कायद्याने ‘बेकायदा मिळवलेली मालमत्ता’ कशाला म्हटले आहे ते पाहिले की उत्तर देणाऱ्याची अडचण कळते. तस्करीच्या पैशातून घेतलेली एवढाच तिचा अर्थ नाही. केंद्राच्या अखत्यारीतल्या कोणत्याही कायद्याचा भंग करून आलेल्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः घेतलेली मालमत्ता त्यात येते. म्हणजे आयकर चुकवून साठवलेला पैसाही आला. शिवाय ज्याचा उगमच सिद्ध करता येत नाही अशा पैशातून घेतलेली मालमत्ताही त्यात येते. खरेदी कायदा होण्याआधीची असली तरी सुटका नाही, आणि नोटीस किती वर्षांच्या आत काढायची याची मुदतही कायद्यात नाही. ‘आयकर खात्याने माझे विवरणपत्र मान्य केले होते’ एवढे म्हणूनही भागत नाही. दुसऱ्या कायद्याखालचा निष्कर्ष इथे अंतिम मानायचा नाही, असे साफेमात वेगळे कलमच आहे.

अशा प्रकरणांत येणारी उत्तरे साधारण ठरलेली असतात. शेतीचे उत्पन्न. माहेरचे दागिने विकले. भावाने हातउसने दिले. वडिलांच्या जमिनीतला वाटा मिळाला. जुन्या खोलीची पागडी आली. यातले प्रत्येक उत्तर खरे असू शकते. आपल्या समाजात पैसा खरोखर याच वाटांनी घराघरांत फिरतो. पण प्रत्येकाला कागद लागतो. शेती म्हटले की सातबारा आणि त्यावरची पीकपाहणी, बाजार समितीच्या पट्ट्या. वाटा म्हटले की फेरफार आणि वाटणीपत्र. दागिने म्हटले की सराफाची पावती आणि ती रक्कम खात्यात भरल्याची नोंद. हातउसने म्हटले की देणाऱ्याकडे त्या वर्षी एवढे पैसे होते का, हा पुढचा प्रश्न. तो भाऊ स्वतः रोजंदारीवर असेल तर उत्तर तिथेच संपते. पागडीला तर मुंबईत बहुतेकदा पावतीच नसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचे कागद जपून ठेवणारी घरे किती, हा विचार मनात येतोच. आणि ही झळ सगळ्यात जास्त बसते ती बायकांना. त्यांच्या नावावर घर असते, पण व्यवहार त्यांनी केलेला नसतो. पैसा कुठून आला हे अनेकींना खरोखर माहीत नसते, तरी उत्तर त्यांनाच द्यायचे असते.

सिद्ध करायचे म्हणजे किती? फौजदारी खटल्यात सरकारला निःसंशय सिद्ध करावे लागते, तेवढे इथे नाही. ‘हे खरे असण्याची शक्यता जास्त’ इथवर पोहोचले की पुरे. मोघम कथा मात्र चालत नाही.

आपल्या बाईंच्या फ्लॅटचाच हिशेब मांडून पाहू. फ्लॅट दहा लाखांना घेतला. बाई म्हणतात : तीन लाख बँकेचे कर्ज, दोन लाख वडिलांच्या जमिनीचा वाटा, दीड लाख दागिने विकून. कर्जाची कागदपत्रे आहेत, फेरफार आहे, सराफाची पावती आहे. हे सगळे मान्य झाले तर साडेसहा लाखांचा उगम सिद्ध होतो आणि साडेतीन लाखांचा होत नाही. न सिद्ध झालेला भाग निम्म्याहून कमी आहे. अशा वेळी कायदा एक पर्याय देतो : त्या भागाच्या सव्वापटीच्या जरा आत, नेमके सांगायचे तर एक पूर्णांक एक पंचमांश पट दंड भरा आणि फ्लॅट ठेवा. साडेतीन लाखांवर हा दंड चार लाख वीस हजार. आता अधिकाऱ्याला सराफाची पावती बनावट वाटली असे धरा. मग सिद्ध झाले पाच लाख आणि राहिले पाच लाख. उरलेला भाग निम्म्याहून कमी राहिला नाही, दंडाचा पर्याय गेला आणि सगळा फ्लॅट सरकारजमा झाला. दीड लाखाच्या एका पावतीवर दहा लाखांचे घर राहते किंवा जाते. पावती जपायची ती यासाठी.

या सगळ्याच्या मध्यभागी एक प्रश्न आहे आणि त्यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाला आहे. मालमत्ता नातेवाइकाच्या नावावर असेल तर तिचा तस्कराशी संबंध कोणी दाखवायचा? १९९४ च्या अमृतलाल प्रजीवनदास खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने साफेमा वैध ठरवला. पण नातेवाइकांबद्दल एक महत्त्वाची मर्यादा सांगितली. नातेवाइकांची स्वतःची कमाई हिरावण्यासाठी हा कायदा नाही. तस्कराने आपला पैसा ज्या-ज्या नावांखाली दडवला तिथपर्यंत पोहोचण्यासाठी तो आहे. बहिणीने स्वतःच्या नोकरीतून घेतलेल्या घराला भावाच्या पापाचा डाग लागत नाही. तत्त्व स्पष्ट झाले, तरी दैनंदिन व्यवहारात ते कसे लावायचे ते उरलेच. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचेच दोन निकाल आले. एकात नातेवाइकाला दिलेल्या नोटिशीत मालमत्तेचा आणि स्थानबद्ध माणसाचा काही धागाच दाखवलेला नव्हता, म्हणून ती नोटीस टिकली नाही. दुसऱ्यात, नोटीस स्थानबद्ध माणसाच्या पत्नीला होती, आणि न्यायालय म्हणाले की असा धागा नोटिशीत मांडण्याची गरज नाही, उगम तिनेच सिद्ध करायचा. आजही दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचा निकाल पुढे करतात.

माझे मत पहिल्या निकालाच्या बाजूने आहे. ज्याच्यावर तस्करीचा ठोस संशय आहे त्याला ‘पैसा कुठून आला’ विचारणे मला अन्याय्य वाटत नाही. त्याच्या घरातला हिशेब त्यालाच ठाऊक असतो, सरकारने तो शोधत बसावे ही अपेक्षा वेडेपणाची आहे. पण त्याच्या मेव्हणीलाही तोच प्रश्न विचारायचा असेल तर सरकारने निदान एवढे लिहिले पाहिजे की तिच्या घरात त्याचा पैसा गेला असे आम्हांला अमुक कारणाने वाटते. एक धनादेश, एक साक्ष, एक तारीख जुळली तरी चालेल. ते नसेल तर नाते हाच गुन्हा ठरतो.

नोटिशीवर सुनावणी होते, आदेश होतो. विरोधात गेला तर पंचेचाळीस दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि तिथून पुढे उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. सरकारजमा झालेली मालमत्ता सगळ्या बोजांतून मुक्त होऊन केंद्राकडे जाते. ताबा तीस दिवसांत द्यायचा असतो. न दिल्यास बळाचा वापर करता येतो. नोटीस मिळाल्यानंतर ती मालमत्ता कोणाला विकली किंवा बक्षीस दिली तर तो व्यवहार रद्दबातल धरला जातो. मुंबईत जुन्या इमारतीतले घर स्वस्तात मिळते म्हणून धावणाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावे.

कागदावर हे सगळे एक-दोन वर्षांत संपायला हवे. प्रत्यक्षात किती लागते याचे सगळ्यात ठळक उदाहरण नागपाड्याचे आहे. दाऊदची आई अमिनाबी आणि बहीण हसीना पारकर यांच्या नावावर तिथे काही घरे होती. सरकारजमा करण्याचा आदेश झाला १९९८ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचे अपील फेटाळले एप्रिल २०१८ मध्ये. वीस वर्षे. तोवर दोघीही हयात नव्हत्या. संधी मिळूनही त्या घरांसाठीचा पैसा कायदेशीर मार्गाने आल्याचे त्यांना दाखवता आले नव्हते. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, नागपाड्याच्या गॉर्डन हॉल इमारतीतला हसीनाचा फ्लॅट १ कोटी ८० लाखांना विकला गेला.

लिलावाचाही एक इतिहास आहे आणि तो भीतीचा आहे. २००० च्या डिसेंबरात दाऊदच्या मालमत्तांचा लिलाव पुकारला तेव्हा बोली लावायला कोणी आले नाही. २०१५ मध्ये पाकमोडिया स्ट्रीटजवळच्या रौनक अफरोज हॉटेलसाठी एका ज्येष्ठ पत्रकाराने ४ कोटी २८ लाखांची बोली जिंकली, पण उरलेली रक्कम मुदतीत उभी राहिली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते हॉटेल, डांबरवाला इमारतीतल्या खोल्या आणि शबनम गेस्ट हाउस असे तिन्ही मिळून ११ कोटी ५८ लाखांना गेले. घेणारा होता भेंडीबाजाराचा पुनर्विकास करणारा सैफी बुऱ्हाणी ट्रस्ट. मग पाळी आली रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या मुंबके गावाची, दाऊदच्या वडिलोपार्जित गावाची. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या चार जमिनी पुकारल्या. त्यातल्या सुमारे १७१ चौरस मीटरच्या एका तुकड्याची राखीव किंमत होती १५ हजार ४४० रुपये, आणि बोली गेली २ कोटी १ लाखावर. दोन जमिनींना त्या दिवशी बोलीच आली नाही. या आकड्यांत जमिनीचा भाव दिसत नाही, नावाचा दिसतो. एकाने त्या नावाला आव्हान द्यायला पैसे लावले, बाकीचे त्या नावापासून लांब राहिले.

साफेमा एकटा नाही. महाराष्ट्राच्या स्वतःच्या १९९९ च्या मकोकामध्ये एक कमी चर्चिले गेलेले चौथे कलम आहे. संघटित टोळीच्या सदस्याच्या वतीने कोणाच्या ताब्यात मालमत्ता असेल आणि तिचा समाधानकारक हिशेब त्याला देता आला नाही, तर मालमत्ता तर जातेच, शिवाय त्याला तीन ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक लाख दंड. साफेमात घर जाते, माणूस तुरुंगात जात नाही. इथे दोन्ही जाते. म्हणून इथे पुरावा अधिक कसोशीने तपासला गेला पाहिजे. सरकारी नोकरांसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग ज्याला अपसंपदा म्हणतो तो गुन्हाही याच कुळातला. पगार आणि मान्य उत्पन्नातून खर्च वजा करायचा, शिल्लक आणि जमवलेली मालमत्ता यांची तुलना करायची, तफावतीचा हिशेब आरोपीने द्यायचा. या कायद्याचा एक पायाभूत निकाल महाराष्ट्रातल्या एका वनक्षेत्रपालाच्या खटल्यात १९८१ मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाने तिथे सांगितले की ‘ज्ञात उत्पन्न’ म्हणजे कसून तपास केल्यावर सरकारला ज्ञात झालेले उत्पन्न. जे फक्त आरोपीलाच ठाऊक असते ते त्याने सांगायचे, आणि तेही शक्यतेच्या पारड्यावर.

बाहेरच्या देशांनी हीच वाट वेगळ्या वळणांनी घेतली. इटलीत १९८२ मध्ये माफियाविरोधी लढणारे खासदार पिओ ला तोरे आणि नंतर जनरल दल्ला किएझा यांचे खून झाले, आणि सप्टेंबरमध्ये माफियाची मालमत्ता जप्त करणारा कायदा आला. आयर्लंडमध्ये १९९६ मध्ये पत्रकार वेरोनिका गेरिन यांच्या खुनानंतर तेच घडले. ब्रिटनने २०१८ पासून ‘अस्पष्ट संपत्तीचे आदेश’ सुरू केले. तिथे पहिला प्रश्न विचारायलाच उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मालमत्ता ५० हजार पौंडांवर हवी, आणि ज्ञात उत्पन्नातून ती घेता आली नसती असा रास्त संशय न्यायाधीशाला पटायला हवा. पहिला आदेश मिळाला तो अझरबैजानच्या तुरुंगात असलेल्या एका बँकरच्या पत्नीविरुद्ध, जिने लंडनच्या हॅरॉड्स दुकानात दहा वर्षांत १ कोटी ६० लाख पौंड खर्च केले होते. पण २०२० मध्ये कझाकस्तानच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबीयांविरुद्धचे आदेश रद्द झाले आणि तपास यंत्रणेवर दुसऱ्या बाजूच्या वकिलांच्या फीचा डोंगर कोसळला. २०२२ मध्ये कायदा बदलून हा खर्च मर्यादित करावा लागला. आपल्याकडे पहिली नोटीस अधिकारी काढतो, तिथे न्यायाधीश. म्हणूनच आपल्या अधिकाऱ्याने लिहिलेल्या कारणांवर मी एवढा भर देतो. न्यायाधीशाच्या जागी आपल्याकडे फक्त तो कागद आहे.

आणखी एक मूलभूत आक्षेप होता : खटला न चालवता मालमत्ता घेणे ही शिक्षाच नव्हे का, आणि जुन्या व्यवहारांना नवी शिक्षा कशी लावणार? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नकारार्थी उत्तर दिले. जे मुळात कायद्याने तुमचे नव्हतेच ते काढून घेणे ही घटनेतल्या अर्थाने शिक्षा नव्हे, असा त्याचा आशय. मला हे पटते. अर्थात ते तुमचे नव्हते हे नीट ठरवलेले असेल तर.

पैसा शेवटी कोणाला मिळतो हा प्रश्न मात्र साफेमाने कधी विचारलाच नाही. लिलावाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. इटलीत १९९६ पासून माफियाची घरे आणि शेते गावांच्या, सहकारी संस्थांच्या वापरासाठी देता येतात. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७ व्या कलमाने पहिल्यांदा वेगळी दिशा घेतली. तिथे तपास अधिकारी पोलीस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या मंजुरीने न्यायालयात अर्ज करतो. न्यायालय त्या माणसाला चौदा दिवसांत उत्तर द्यायला सांगते. मालमत्ता गुन्ह्यातून आल्याचे ठरले तर जिल्हाधिकाऱ्याने साठ दिवसांत ती रक्कम गुन्ह्याची झळ बसलेल्यांमध्ये वाटायची, आणि दावा करणारे नसतील किंवा काही उरले तरच ते सरकारजमा. चिटफंडात बुडालेल्या ठेवीदारांना, खंडणी दिलेल्या दुकानदारांना याचा उपयोग होऊ शकतो. न्यायालय मधे आले, हेही चांगले. पण चौदा दिवस म्हणजे साफेमाच्या तीस दिवसांच्याही निम्म्याहून कमी. ज्या बाईंना तलाठ्याकडून जुना फेरफार आणायचा आहे, सराफाच्या दुकानातून वीस वर्षांपूर्वीची पावती शोधायची आहे, त्यांना हा वेळ पुरणार नाही. ही मुदत न्यायालयांनी सरसकट न लावता कागदांचे वय पाहून वाढवावी, आणि अर्जाबरोबर पोलिसांची कारणे त्या माणसाला लेखी मिळावीत, अशी माझी मागणी आहे.